मूळच्या प्रेअरीतील वनस्पती घराभोवती लावण्याविषयी : अनुभव, चुका आणि प्रश्न

तृणांकुर (शिकागोचे पश्चिम उपनगर)

शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आम्ही राहायला आलो, तेव्हा घराभोवती केंटकी ब्लूग्रासच्या लॉनखेरीज काहीही नव्हते. नावात केंटकी असले तरी हे गवत मूळचे या खंडातले मानले जात नाही. दर आठवड्याला कापून, खत घालून आणि तणनाशक फवारून आपण जे हिरवेगार ठेवतो, त्यावर इथल्या फुलपाखरांचे किंवा मधमाश्यांचे जवळजवळ काहीच भागत नाही, हे कळायला मला चार वर्षे लागली. सहा वर्षांपूर्वी पुढच्या अंगणातला तीस फूट लांब आणि आठ फूट रुंद पट्टा लॉनमधून मोकळा केला आणि तिथे मूळच्या प्रेअरीतील, म्हणजे इथल्या नैसर्गिक गवताळ माळरानातील, वनस्पती लावल्या. त्यात काय साधले आणि काय फसले, ते इथे मांडते. ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी भर घालावी आणि ज्यांना करायचे आहे त्यांनी निःसंकोच विचारावे.

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. एके काळी राज्याचा निम्म्याहून अधिक भाग, म्हणजे सुमारे २ कोटी २० लाख एकर, उंच गवताच्या प्रेअरीखाली होता. १८३७ साली जॉन डिअर याने ग्रँड डीटूर या इथल्याच गावी पोलादी फाळाचा नांगर तयार केला. जुन्या नांगराला चिकटून बसणारी इथली काळी माती त्या गुळगुळीत फाळावरून सुटून पडू लागली, आणि पुढच्या काही दशकांत हा सगळा मुलूख पिकाखाली गेला. आज चांगल्या स्थितीतली मूळ प्रेअरी एक दशांश टक्क्याहूनही कमी उरली आहे, आणि तीही बरीचशी रेल्वेरुळांच्या कडेला, जुन्या दफनभूमींत, जिथे नांगर पोचला नाही अशा सांदीकोपऱ्यांत. आपण ज्या वसाहतींत राहतो, त्यांतल्या कितीतरी याच जमिनीवर उभ्या आहेत.

कोणतेही फुलझाड लावले तरी फुलपाखरे येतातच, मग मूळच्याच वनस्पतींचा आग्रह कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. फुलातला मध पिणे ही एक गोष्ट आणि पान खाऊन अळी वाढणे ही दुसरी. झाडे आपल्या पानांत अळ्यांना न पचणारी द्रव्ये साठवतात, आणि ती पचवण्याची ताकद कीटकांत हजारो वर्षांच्या सहवासातून येते. त्यामुळे पुष्कळ कीटकांच्या अळ्या ठरावीक कुळांतल्या वनस्पतींवरच वाढतात आणि परदेशी शोभेची झाडे त्यांच्या दृष्टीने असून नसल्यासारखी असतात. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी यांनी हा मुद्दा सर्वसामान्य बागप्रेमींपर्यंत पोचवला. चिकडीसारख्या मुठीएवढ्या पक्ष्याला आपली एका वेळची पिल्ले उडती होईपर्यंत ६,००० ते ९,००० अळ्या लागतात, हे त्यांनी दिलेले गणित वाचले तेव्हा मला माझ्या लॉनकडे बघवेना. इतक्या अळ्या त्यातून येणार कुठून?

तिसऱ्या वर्षीच्या जुलैमधली एक सकाळ मला आठवते. मोनार्क फुलपाखराची एक मादी मिल्कवीड या चिकाळ झाडाच्या शेंड्याशी घुटमळत होती. पायांनी पान चाचपून ती उडे, पुन्हा येई. मग एका कोवळ्या पानाची कड पकडून तिने पोट खाली वळवले, क्षणभर टेकवले आणि ती निघून गेली. पान उलटून पाहिले, तर टाचणीच्या टोकाएवढे, दुधी रंगाचे, उभ्या रेघांचे एकच अंडे होते. चौथ्या दिवशी त्यातून अळी निघाली आणि तिने आधी अंड्याचे कवचच खाल्ले. पुढे ती बोटाच्या पेराएवढी झाली, तेव्हा ती पानाची मधली शीर देठाजवळ कुरतडून ठेवताना दिसली. तिथून पांढरा चीक गळून जाई, पान खाली लोंबे, आणि मग ते लोंबते पान ती सावकाश खाई. चिकाने तोंड चिकटू नये म्हणून तिची ही युक्ती असते. मोनार्कची अळी मिल्कवीडखेरीज दुसरे काही खात नाही. उन्हाळ्याअखेर इथे जन्मणारी पिढी मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांतील ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढायला हजारो किलोमीटर उडून जाते.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. सप्टेंबरात लॉन आखूड कापून त्यावर पुठ्ठ्याची खोकी उलगडून पसरली, ओली केली आणि वर झाडांची चुरलेली पाने वीतभर जाडीची टाकली. मे महिन्यापर्यंत खालचे गवत मेले होते. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवून गॅस आणि विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेतल्या, आणि फूटफूट अंतरावर ट्रेमधली छोटी रोपे लावली. कडेला प्रेअरी ड्रॉपसीड आणि लिटल ब्लूस्टेम ही बुटकी गवते, मध्ये कोनफ्लॉवर, वाइल्ड बर्गमॉट, बटरफ्लाय वीड, ब्लेझिंग स्टार, मागे बिग ब्लूस्टेम आणि न्यू इंग्लंड अॅस्टर अशी मांडणी होती. पहिला उन्हाळा नियमित पाणी दिले, त्यानंतर मुद्दाम दिलेले नाही. खत तर कधीच घातले नाही, कारण सुपीक मातीत ही झाडे उंच वाढून लोळतात.

पहिल्या वर्षी वर काहीच दिसेना आणि मी हिरमुसले. ही झाडे आधी मुळे पाताळात धाडतात. बिग ब्लूस्टेमची मुळे आठ-दहा फूट खोल जातात, कंपास प्लँटची पंधरा फुटांपर्यंतही. तेवढा धीर धरावा लागतो. माझी मोठी चूक वेगळीच होती. कप प्लँट नावाचे आठ फूट वाढणारे झाड मी लहान जागेत लावले. त्याची समोरासमोरची पाने खोडाभोवती जुळून वाटी बनते, तिच्यात पावसाचे पाणी साठते आणि गोल्डफिंच पक्षी तिथे पाणी प्यायला येतात, या वर्णनावर मी भाळले होते. वर्णन खरे निघाले, पण तीन वर्षांत त्याने शेजारची सहा झाडे दडपली आणि बी सगळीकडे पडले. त्याची जाड मुळे खणून काढायला एक पूर्ण शनिवार-रविवार गेला. मोठ्या जागेखेरीज ते लावू नये.

रुईफूल (ह्यूस्टन)

फार उपयुक्त धागा. इथून एक सावधगिरीची सूचना करतो. आमच्या भागातल्या अनेक मराठी घरांत, आणि पूर्वी आमच्याही, हळदीकुंकवाचे झाड हौसेने लावलेले असते. लाल-पिवळ्या झुपक्यांचे हे फूल आपण लहानपणापासून पाहिलेले असते, आणि रोपवाटिकेत ते ‘ट्रॉपिकल मिल्कवीड’ म्हणून मोनार्कसाठी विकायला असते. मोनार्क त्यावर अंडी घालतातही. अडचण अशी की ते मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले आहे आणि टेक्सासच्या सौम्य हिवाळ्यात हिरवेच राहते. मूळचे मिल्कवीड थंडीत मरून पुन्हा कोवळे फुटते, त्यामुळे पानांवर साठलेले ओई नावाच्या परजीवीचे बीजाणू दर वर्षी नाहीसे होतात. हळदीकुंकवावर ते साठतच जातात, अळ्या ते पानाबरोबर खातात, आणि पुढे कोशातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले राहू शकतात. असे एक फुलपाखरू आमच्या कुंडीखाली चालताना माझ्या मुलीने पाहिले, ते दोन दिवसांनी मेले. शिवाय बारमाही पाला मिळाल्याने काही मोनार्क पुढे मेक्सिकोला न जाता इथेच अंडी घालत राहतात.

ज्यांच्याकडे ते झाड आहे, त्यांनी निदान ऑक्टोबरपासून हिवाळाभर ते जमिनीलगत कापत राहावे. आम्ही ते काढून टाकले आणि इथल्या किनारी प्रेअरीतले हिरव्या फुलांचे ग्रीन मिल्कवीड लावले. ते मंद वाढते आणि दिसायला साधे आहे, तरी त्यावरच्या अळ्या आम्हांला निरोगी मिळाल्या आहेत.

तृणांकुर

रुईफूल, आपण हे लिहिले ते फार बरे केले. आमच्याकडे पहिल्याच कडक थंडीत हळदीकुंकू मरते, म्हणून हा धोका माझ्या ध्यानात आला नव्हता. आपल्या ‘रुईफूल’ या नावावरून आठवले. आपली रुई आणि इथले मिल्कवीड एकाच उपकुळातली आहेत. तोच पांढरा चीक, तशाच फुटणाऱ्या शेंगा आणि वाऱ्यावर उडणाऱ्या त्याच ‘म्हाताऱ्या’. गावाकडे रुईवर वाढणाऱ्या नारिंगी प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मोनार्कची अळी ओळखीची वाटेल. दोघे जवळचे नातलगच आहेत.

माळकरी (सासवड)

मी अमेरिकेत राहत नाही, परंतु विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम आणि इंडियन ग्रास ही प्रेअरीची मुख्य गवते ज्या गटातली आहेत, त्याच गटात आपली ज्वारी, ऊस, गवती चहा आणि माळावरचे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते येतात. आमच्याकडे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे याच गवतावर जगतात. तरीही गवताळ माळाला आपण सरसकट ‘पडीक’ म्हणतो आणि सद्भावनेने त्यावर खड्डे घेऊन झाडे लावतो. सावली वाढली की गवत जाते आणि गवताबरोबर माळटिटवी, धाविक आणि चंडोलही जातात. तुमच्याकडे नांगराने जे झाले, ते आमच्याकडे काही ठिकाणी वृक्षारोपणाने होत आहे. प्रश्न असा, की इलिनॉयच्या पट्ट्यात तुम्ही फुले जास्त लावली की गवत?

तृणांकुर

आधी फुलेच जास्त लावली, आणि ती चूक होती. गवताचा आधार नसल्यामुळे बर्गमॉट आणि अॅस्टर आडवे झाले आणि मधल्या उघड्या मातीत तण माजले. आता जवळजवळ निम्मी जागा बुटक्या गवतांची आहे. स्किपर जातीच्या पुष्कळ फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात, त्यामुळे गवताला केवळ भरणा समजू नये. बिग ब्लूस्टेम हे १९८९ पासून इलिनॉयचे राज्य-गवत आहे, तरी छोट्या अंगणात मी त्याची शिफारस करणार नाही, कारण ते सहज सहा-सात फुटांवर जाते आणि शेजारच्या झाडांना झाकून टाकते.

पानगळ (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

ज्यांची जागा मोठी आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण पाव एकरावर रोपे लावणे परवडत नाही, तिथे पेरणीच करावी लागते. आम्ही एक पूर्ण हंगाम फक्त जमीन तयार करण्यात घालवला. उन्हाळाभर जाड प्लास्टिक अंथरून खालचे गवत आणि तणाचे बी मारले. या पायरीत घाई करणारे पुढे पाच वर्षे पस्तावतात, हे मी तीन शेजाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. पेरणी नोव्हेंबरअखेर केली. यांतल्या बहुतेक बियांना ओलसर थंडीत काही आठवडे काढल्याखेरीज अंकुर फुटत नाही, आणि हिवाळा ते काम फुकट करून देतो. बी ओल्या वाळूत मिसळून आडवे आणि उभे असे दोनदा फोकून पेरले, वरून माती लोटली नाही, फक्त पायांनी दाबले. नंतर बर्फ पडला आणि बी आपसूक बसले.

पहिल्या उन्हाळ्यात फूटभर वाढलेले सारे काही यंत्राने सहा-आठ इंचांवर कापत राहिलो. त्या वर्षी प्रेअरीची रोपे दोन-चार इंचांचीच असतात, त्यामुळे ती वाचतात आणि वार्षिक तणांना बी धरता येत नाही. तण उपटू नये, त्याबरोबर कोवळी रोपे निघतात.

मॅडिसनला येणाऱ्यांनी विद्यापीठाच्या आर्बोरेटममधली (वृक्षोद्यानातली) कर्टिस प्रेअरी अवश्य पाहावी. मोडीत निघालेल्या शेताच्या आणि कुरणाच्या जागी १९३० च्या दशकात तिची पुनर्लागवड सुरू झाली, तीत निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड यांचा मोठा वाटा होता, आणि जगातली सर्वांत जुनी पुनर्निर्मित प्रेअरी म्हणून ती ओळखली जाते. वणवा हा प्रेअरीचा शत्रू नसून गरज आहे, हे दाखवणारे जाळण्याचे प्रयोगही तिथे झाले. घराजवळ मात्र जाळण्याच्या भानगडीत पडू नये. कापणीने काम भागते.

दवबिंदू (इलिनॉय)

माझी अडचण वेगळी आहे. आमच्या एचओएकडून (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेकडून) ‘अंगणात तण वाढवल्याबद्दल’ दोनदा पत्र आले. तिसऱ्या वेळी दंड होईल असे म्हटले आहे. यजमानांना सगळे काढून पुन्हा लॉन लावावे असे वाटते. तृणांकुरताई, तुम्हांला असा त्रास झाला का?

तृणांकुर

झाला. दुसऱ्या वर्षी आम्हांलाही पत्र आले होते. मनाला लागले, पण नंतर विचार केला की पत्र लिहिणाऱ्याला ही बाग मुद्दाम केलेली आहे हे कळण्याचा काहीच मार्ग मी ठेवला नव्हता. मग फुटपाथच्या बाजूला दीड फुटाची लॉनची कड नीट कापून राखली, उंच झाडे मागे हलवली, मधून दगडी पायवाट काढली आणि ‘देशी वनस्पतींची बाग’ अशी छोटी पाटी लावली. झाडे तीच राहिली आणि तक्रारी थांबल्या.

दवबिंदू, कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०२४ साली इलिनॉय राज्याने घरमालकांच्या देशी लागवडीसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार एचओएला देशी वनस्पतींच्या बागेवर सरसकट बंदी घालता येत नाही. बाग सांभाळलेली असावी, तिच्यात तण माजू देऊ नये, अशा वाजवी अटी मात्र घालता येतात. मिनेसोटाने २०२३ मध्ये शहरांच्या बाबतीत असाच कायदा केला आहे. पत्राला लेखी उत्तर द्या, झाडांची यादी आणि छायाचित्रे जोडा, आणि यजमानांना सप्टेंबरपर्यंत थांबायला सांगा. अॅस्टर फुलला की त्यांचे मत बदलेल, असे मला मनापासून वाटते.

आंबेमोहर (मिनेसोटा)

दोन शंका आहेत. मला सप्टेंबरात परागकणांचा तीव्र त्रास होतो आणि डॉक्टरांनी गोल्डनरॉड टाळायला सांगितल्याचे आठवते. दुसरे असे की आमची मुले लहान आहेत. उंच गवतात गोचिडी, डास आणि साप वाढतात का?

पानगळ

गोल्डनरॉडवर हा आळ फार जुना आहे. त्याचे परागकण जड आणि चिकट असतात, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर तरंगत नाहीत. त्याच दिवसांत रॅगवीड नावाचे हिरवट, कुणाच्या लक्षातही न येणारे तण फुलते आणि त्रास त्याच्या परागकणांचा होतो. त्याला वाऱ्याने परागीकरण करायचे असल्याने फूल भडक नसते, आणि शेजारी पिवळेधमक गोल्डनरॉड दिसते म्हणून दोष त्याला मिळतो. उलट सप्टेंबरात दक्षिणेकडे निघालेल्या मोनार्कची शिदोरी म्हणजे गोल्डनरॉड आणि अॅस्टर. फक्त कॅनडा गोल्डनरॉड घेऊ नका, ते मुळांनी पसरते. स्टिफ किंवा शोई गोल्डनरॉड घ्या.

डास साचलेल्या पाण्यात वाढतात, झाडांत नाही. गोचिडीची काळजी मात्र खरी आहे, विशेषतः रान जवळ असेल तर. पायवाट रुंद ठेवा आणि मुले आत गेली तर संध्याकाळी अंग तपासा. साप दिसला तर तो बहुधा गार्टर साप असेल, आणि तो निरुपद्रवी आहे.

चांदणवेल (शिकागो)

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो आणि आमच्याकडे फक्त बाल्कनी आहे. शिवाय मनापासून एक प्रश्न आहे, त्याचा राग मानू नये. एवढ्या प्रचंड प्रेअरीच्या जागी अडीचशे चौरस फुटांनी खरोखर काही फरक पडतो का?

तृणांकुर

राग कसला, हा प्रश्न मी स्वतःला दर वर्षी विचारते. प्रेअरी चिकनसारख्या पक्ष्याला शेकडो एकरांचे सलग गवत लागते, त्याला माझ्या अंगणाचा काडीचाही उपयोग नाही. त्यांच्यासाठी मोठ्या जागाच हव्यात. जोलिएटजवळ जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर १९९६ साली मिडेविन राष्ट्रीय प्रेअरी स्थापन झाली आणि २०१५ मध्ये तिथे बायसन आणले गेले, तशा कामाला पर्याय नाही. पण इथली लहान देशी मधमाशी काही शे मीटरच उडते. तिच्या दृष्टीने माझा पट्टा आणि कोपऱ्यावरच्या शाळेतला वाफा ही दोन गावे आहेत, आणि मधल्या लॉनचे वाळवंट तिला ओलांडवत नाही. एके काळी इथे सर्रास दिसणारी रस्टी पॅच्ड बंबलबी ही गुबगुबीत, केसाळ मधमाशी २०१७ साली संकटग्रस्त जाहीर झाली. तिला वसंतापासून थंडी पडेपर्यंत सलग फुले लागतात, आणि ती अंगणांतून देता येतात. आमच्या पट्ट्यात ती मला अजून दिसलेली नाही, म्हणून मी दर एप्रिलपासून पाहत असते.

बाल्कनीत ऊन असेल, तर खोल कुंडीत लिटल ब्लूस्टेम, कोनफ्लॉवर आणि बर्गमॉट चांगले येतात. दुहेरी पाकळ्यांचे संकरित कोनफ्लॉवर घेऊ नका, त्यात माश्यांना सहसा पराग सापडत नाही. विकत घेताना रोपांवर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक वापरलेले नाही ना, हे जरूर विचारा. आणि शेपू लावत असाल तर दोन काड्या जास्त लावा. काळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या, पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या ब्लॅक स्वॅलोटेलच्या असतात, त्या फेकू नका.

दवबिंदू

एचओएला उत्तर पाठवले, यजमानही तयार झाले आहेत. शेवटचा प्रश्न : वाळलेली झाडे ऑक्टोबरात कापावीत का? पत्रात तीही सूचना आहे.

तृणांकुर

ऑक्टोबरात कापू नका. कोनफ्लॉवरच्या वाळलेल्या बोंडांवर गोल्डफिंच हिवाळ्यातही बी टिपतात, आणि खालच्या पाल्यात काजव्यांच्या अळ्यांसह बरेच काही निजलेले असते. फुटपाथकडचे पहिले दोन फूट कापा, म्हणजे सूचनेचा मान राहील. बाकीचे एप्रिलअखेर, चांगली ऊब आल्यावर कापा, आणि तेही मुळापासून न कापता फूट-दीड फुटाची धसकटे ठेवून. बर्गमॉटच्या पोकळ धसकटांत छोट्या माश्या घर करतात. त्यांची पिल्ले तिथेच वाढतात, पुढचा हिवाळा तिथेच काढतात आणि वर्षाने बाहेर पडतात, म्हणून ही धसकटे निदान दोन हंगाम तशीच राहू द्यावीत. नवी पालवी जूनपर्यंत ती झाकून टाकते. कापलेल्या काड्या मी लगेच कचऱ्यात देत नाही, मागच्या कुंपणाशी सैल रचून ठेवते. बर्गमॉट आणि ब्लेझिंग स्टारचे बी सप्टेंबरअखेर तयार होईल. हवे असेल तर निरोप करा, पाकिटे करून ठेवते.